वेशीवर कोणी आलं नाही

काल तुझी तेरवी झाली. लोकं जेवून गेले. वांग्याची भाजी खारट झाली होती, पण मढ्याच्या घरी कोणी तसं बोलत नाही, मान खाली घालून खातात. तू असती त बोलली असती. वाढणाऱ्याले तिथंच उभं करून बोलली असती.

तुझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी तुझ्यावर एक लहानसं पुस्तक काढायचं ठरवलं आहे. मले म्हणाले, काका, तुमी बी दोन शब्द लिहा. मी चौथी पास. तुझ्याच जुन्या वहीत तुझ्याच लाल पेनानं लिहून राहिलो, कारण घरात दुसरं पेन चालत नाही. बाकीचे लिहतीन की तू प्रेमळ होती, मनमिळाऊ होती. लिहू दे. त्याईले तू रोज फक्त शाळेच्या वेळात दिसायची. मनमिळाऊ तू नव्हती. मी बी नव्हतो. म्हणून त संसाराची सेहेचाळीस वर्षं निघाली.

तू मेली याचा मले राग नाही. मरण सगळ्याईले आहे. मले राग वेगळ्या गोष्टीचा होता. तू एकटी तिकडं पेरू देशातल्या पहाडावर गेली, इंका लोकांचं पडकं गाव पाहून आली, अन् तिथं तुले काय झालं ते तू साऱ्या गावाले सांगितलं. शेजारच्या कमलबाईले सांगितलं, दूधवाल्याले सांगितलं, दवाखान्यातल्या नर्सले सांगितलं. मले नाही सांगितलं.

म्हणशील, तुमीच त तोंड बंद केलं होतं. हो, केलं होतं. तेच लिहायले बसलो.

तू रिटायर झाली त्या वर्षी तू शाळेतून एक ट्रंक घरी आणली. तिच्यात एक चित्र होतं, कोण्या जुन्या मासिकातून कापलेलं, पुठ्ठ्यावर चिकटवलेलं, कडा तेलकट झालेल्या. उंच पहाड, खाली ढग, अन् पहाडाच्या अंगावर पायऱ्यांवाणी वावरं. तू ते माझ्या ताटाजवळ ठेवलं.

"पाहा, वावरांच्या बांधाचे धुरे कसे रचले," तू म्हणाली. "दगडाचे. चुना नाई, माती नाई. पाचशे वर्षं झाले, दगड हलला नाई. तुमचा धुरा दर पावसाळ्यात नाल्यात जाते."

मी म्हटलं, "मंग त्याईलेच बोलाव आपल्या वावरात."

"ते मेले. धुरे राह्यले."

मले वाटलं गोष्ट संपली. पण तू चित्र उचललं नाही. म्हणाली, "तीस वर्षं पोट्ट्याईले हे दाखवलं. बटाटा या पहाडावरचा, मिरची तिकडची, मका तिकडचा, सारं शिकवलं. स्वतः नाई पाह्यलं. खोटं शिकवल्यावाणी वाटते. मी जाऊन येते म्हणते."

मी हसलो. भाकरीचा तुकडा घशात अडकेपर्यंत हसलो. मी म्हटलं, "बटाटा विकायले मले रोज अमरावतीच्या बाजारात हर्रासीले जावं लागते, तो कुठून आला ते पाहायले कोण जाते बयताडावाणी?" तू पाण्याचा गिलास माझ्यापुढं सरकवला अन् ताट घेऊन गेली. माझं जेवण झालं नव्हतं.

पुढं ते भांडण वर्षभर चाललं. सकाऊन विहिरीवर थांबायचं, संध्याकाळी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधताना पुन्हा सुरू व्हायचं. मी म्हणायचो, तिथं देव नाही, देऊळ नाही, कशाची यात्रा? तू म्हणायची, दगड त आहे न. मी म्हणायचो, काशीले चाल, मी नेतो. त्यावर तू जे बोलली ते मले अजून टोचते. जुडी बांधता बांधता, मान वर न करता बोलली.

"तुमी न्याल. तेच त."

शुभा अकोल्याहून आली. पोरगी म्हणाली, आई, मी येते सोबत, रजा काढते. तिलेही तू नाही म्हटलं. म्हणाली, "चाळीस वर्षांत मले कोणी एक तास एकटं सोडलं नाई. न्हाणीत गेली त तुझा आजा बाहेर खोकलत उभा राहे. मले एकटीनं जायचं आहे. रस्ता चुकली त मीच चुकीन."

पासपोर्टच्या कागदावर नवऱ्याची सही लागत नाही असं ज्या दिवशी तुले समजलं, त्या दिवशी माझ्या चहात साखर जास्त पडली होती. मी ओळखलं होतं.

मंग तुझी तयारी सुरू झाली. पाठीवरच्या पिशवीत दहा किलो बटाटे भरायची अन् वावराच्या धुऱ्यानं चकरा मारायची. रस्त्यानं जाणारे ओरडायचे, "बाई, बाजार तिकडं नाई, इकडं आहे!" तू हात हलवायची. पारावरचे बुढे मले म्हणायचे, "तुयी मास्तरीण पेरूच्या मुलखात चालली म्हणे, चार पेरू आणाले सांग." मी त्याईच्यासोबत हसायचो. जास्तच हसायचो. दर रविवारी तू एसटीनं चिखलदऱ्याले जायची, गाविलगडावर चढायची, उतरायची, पुन्हा चढायची. रात्री पायाले तेल लावून बसायची. एकदा तुझा गुडघा सुजला होता, टम्म. मी पाहिला. मी म्हटलं, "साठीत वासरू हुंदडलं का असंच होते." तेलाच्या शिशीले तुझा हात पुरत नव्हता, ती माझ्या पायाजवळ होती. मी सरकवली नाही.

अन् निघायच्या आदल्या दिवशी मी तुले म्हटलं, "तिकडं मेली त मढं आणायले मी येणार नाई."

तू साडीची घडी करत होती. म्हणाली, "नका येऊ. तुमाले जमणार बी नाई."

हे मी पुस्तकात छापायले देऊन राहिलो. छापतीन का नाही मले मालूम नाही.

तू गेली अन् घर मोठं झालं. मी शुभाले फोन करायचो. तुझं विचारायचो नाही. सांबाराचा भाव सांगायचो, वांग्याले अळी पडली ते सांगायचो, जावयाची तब्येत विचारायचो, अन् मंग थांबायचो. पोरगी हुशार. ती आपणच म्हणायची, "आईचा मेसेज आला बाबा, पोचली. हवा पातळ आहे म्हणे, डोकं दुखते." मी म्हणायचो, "मी कुठं विचारलं?"

मंग एक दिवस ती म्हणाली, "आता चार-पाच दिवस आईचा फोन लागणार नाही. आजपासून ती पायी निघाली. तिथं रेंज नाही."

मास्तरीण, ते चार दिवस मी काय केलं ते तुले मालूम नाही. कोणालेच मालूम नाही. मी शाळेत गेलो. तुझ्या शाळेच्या भिंतीवर जगाचा नकाशा रंगवला आहे न, बाहेरून, पाण्याच्या टाकीजवळ. मास्तर नवीन होता, त्याले वाटलं बुढा पाणी प्यायले आला. मी नकाशापुढं उभा राहिलो. आपला देश सापडला. तुझा मुलूख शोधायले वेळ लागला, कारण तिथला रंग उडाला होता, पोपडे निघाले होते. मी वितीनं मोजलं. साडेचार विती. हात भिंतीवर ठेवूनच उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तिसऱ्या दिवशी मास्तरानं विचारलं, काका, काही काम आहे का? मी म्हटलं, तुया भिंतीचा रंग निघून राहिला, त्याच्याकडं पाह.

अन् चार दिवस मी अळणी खाल्लं. मी, जो वरणात मीठ जरा कमी झालं त वाटी सरकवतो तो. कमलबाई डबा द्यायची, त्यात मीठ असायचं, तो मी गायीले टाकायचो अन् भाताले नुसतं पाणी घालून खायचो. मारोतीले बोललो नाही काही. बोललो असतो त नवस झाला असता. मी नुसतं मीठ सोडलं.

पाचव्या दिवशी शुभाचा फोन आला. आई उतरली. बरी आहे. मी म्हटलं, "मी कुठं विचारलं?" अन् फोन ठेवून मूठभर मीठ भातावर टाकलं.

परतीच्या दिवशी तू मुंबईहून फोन केला. तो फोन मी उचलला. "अवो," तू म्हणाली, "मी उद्या बडनेऱ्यावर उतरते. ऑटोनं वेशीपर्यंत येते. मारोतीपाशी थांबते. घ्यायले या."

हे जे वाचतीन त्यातल्या नव्या पोट्ट्याईसाठी सांगतो. आपल्याकडं कोणी काशी, रामेश्वर करून आलं का तो माणूस तडक घरी येत नाही. वेशीवर मारोतीच्या पारावर बसते. घरचे लोक वाजतगाजत जातात, पायावर पाणी टाकतात, भाकर-तुकडा ओवाळतात अन् हात धरून घरी आणतात. मंग गावजेवण होते. माझ्या मायले मी असंच आणलं होतं, तू तेव्हा नवी सून होती, तूच ओवाळलं होतं. तू ते विसरली नव्हती. देव नाही, देऊळ नाही, पण तुले यात्रेवाणी घरी यायचं होतं.

मी घ्यायले जाणार होतो. खरं सांगतो. धोतर धुऊन ठेवलं होतं. पण फोनवरचा तुझा आवाज कानातून जाईना. लग्नात नव्हता असा आवाज. शुभा झाली तेव्हा नव्हता. नोकरी लागली तेव्हा बी नव्हता. चाळीस वर्षं माझ्या घरात राहून तुझ्या गळ्यात जो आवाज आला नाही, तो तू तिकडून घेऊन आली. माझं डोकं फिरलं.

दुपारी ऑटो आला. आपल्या विहिरीवरून मारोतीचा पार दिसते, तुले मालूम आहे. मी विहिरीच्या काठावर बसलो होतो. तू उतरली. पिशवी पारावर ठेवली. पदर नीट केला. बसली. लोकं यायचे, बोलायचे, पुढं जायचे. कमलबाईनं निरोप पाठवला, भाऊजी, वहिनी आल्या. मी म्हटलं, मोटर चालू आहे, पाणी सोडलं आहे, येतो. मोटर बंद होती. लाइनच नव्हती.

ऊन कललं. पारावरच्या झाडाची सावली तुझ्या अंगावरून सरकून रस्त्यावर गेली. एकदा तू उठली, मले वाटलं आता निघाली, पण तू हापशीवर पाणी पिऊन पुन्हा येऊन बसली. गायी घरी आल्या. दिवे लागले. तेव्हा तू पिशवी उचलली अन् एकटी आली. मी तुझ्या आधी धुऱ्यानं घरी येऊन ओसरीत बसलो होतो.

तू दारात थांबली. ओवाळायले कोणी नव्हतं. तूच रांजणातून लोटाभर पाणी घेतलं, तूच आपल्या पायावर टाकलं अन् उंबरठा ओलांडला.

मी म्हटलं, "आली? आता त्या पहाडाचं नाव या घरात घ्यायचं नाई."

तू म्हणाली, "नाई घेत."

अन् पाच वर्षं नाही घेतलं. शब्दाची पक्की. मास्तरीण होती न. घरात एक शब्द नाही. पण उंबरठ्याच्या बाहेर तुले कोणी बंदी केली नव्हती. ओट्यावर बसली का सुरू व्हायची. बाया जमायच्या, कमलबाई, तिची सून, बाजूच्या दोघी. अन् मी दाराच्या आत, भिंतीले पाठ लावून, तंबाखू चोळत ऐकायचो. तुले मालूम होतं मी ऐकतो ते.

म्हणून मले बरंच मालूम आहे. एक अख्खा दिवस दरीत उतरावं लागते, तळाले नदी आहे अन् तिच्यावर झुलता पूल आहे. नदीजवळ चिलटं असे चावतात का हातपाय फुगतात. मंग दुसऱ्या अंगानं अख्खा दिवस चढ. दहा पावलं चालायचं अन् उभं राहायचं, छातीत हवा मावत नाही. मधात चार झोपड्यांचं गाव लागते. तिथल्या एका बाईनं तुले उकडलेले बटाटे दिले, आतून जांभळे. ती तिच्या बोलीत बोलली अन् तू आपल्या बोलीत, अन् दोघी तासभर बोलल्या. कमलबाईनं विचारलं, "काय बोलल्या वो, नवऱ्याबद्दल?" तू म्हणाली, "नाई वो. गुडघ्याबद्दल." वर गेल्यावर दगडाचे धुरेच धुरे, अन् त्या धुऱ्यात पांढऱ्या दगडाची जनावरं बसवलेली, मेंढी अन् उंटाच्या मधली. तू त्याईच्यावर हात फिरवला. कोणी नव्हतं तिथं. तू अन् दगड.

अन् मंग तू म्हणायची, "मंग मी सगळ्यात वरच्या दगडावर बसली…"

इथं तुझा आवाज खाली जायचा. दर वेळी. तू दाराकडं पाहायची अन् आवाज एकदम बारीक करायची. मले नुसती कुजबुज ऐकू यायची अन् मंग बाया फुटायच्या, पदर तोंडाले लावून हसायच्या. एकदा त कमलबाई म्हणाली, "अवं माय, पाप लागीन तुले!" अन् त्याईचं हसू थांबेना.

त्या दगडावर काय झालं? पाच वर्षं माझ्या डोक्यात तेच होतं. हर्रासीत वांग्याचं टोपलं पुढं असायचं अन् मी तो दगड पाहायचो. मी खिडकीजवळ सरकून पाहिलं, त तुले माझी सावली दिसली अन् तू दुसरंच बोलायले लागली. मले वाटलं, ही मले जाळून राहिली. रोज थोडं थोडं.

अन् मी उलटं तुले जाळलं. ती बाटली. तिथल्या झऱ्याचं पाणी तू बाटलीत भरून आणलं होतं, लोकं गंगाजल आणतात तसं. देवळीत ठेवलं होतं, देवाच्या बाजूले. बाटली चांगली होती, जाड, झाकण घट्ट. एक दिवस फवारणीचं औषध मोजायचं माप सापडेना. मी देवळीतली बाटली उचलली, पाणी वांग्याच्या वाफ्यात ओतलं अन् बाटली वावरातल्या झोपडीत नेली. माप सापडलं नाही हे खरं. पण घरात दुसऱ्या बाटल्या नव्हत्या असं म्हटलं त ते खोटं.

तुले दोन दिवसांनी समजलं. तू वावरात आली, झोपडीत खुंटीले टांगलेली बाटली पाहिली. मी तयारीत होतो, तू आता बोलशील, आता बोलशील. तू घरी गेली, कागद आणला, डिंक आणला. बाटलीवर कागद चिकटवून तुझ्या त्या वळणदार अक्षरात लिहिलं, "विष. पिऊ नये." अन् पुन्हा खुंटीले टांगली. तुझं अक्षर अजून पुसलं नाही.

मंग तुझ्या फुप्फुसाचं निघालं. डॉक्टर म्हणाला, फुप्फुसं दगडावाणी होऊन राहिली, कारण सांगता येत नाही. शुभानं तुले अकोल्याच्या दवाखान्यात ठेवलं. तोंडावर ती ऑक्सिजनची जाळी. पहिल्या दिवशी मी औषधं घेऊन वर आलो त तू नर्सले सांगत होती, "पोरी, याहून पातळ हवेत मी दहा किलो घेऊन चढली…" मी दारात दिसलो अन् तू गप बसली. त्या दवाखान्यातही गप बसली.

दुसऱ्या दिवशी मी स्टूल ओढून बसलो. जनमात मी तुले कधी काही मागितलं नव्हतं, हुकूमच दिले होते. मी म्हटलं, "आता त हे घर नाई. आता सांग."

"काय?"

"त्या वरच्या दगडावर बसली. मंग काय झालं?"

तू जाळी जराशी बाजूले केली.

"आता दम नाई, अवो," तू म्हणाली.

अन् तू तुझा हात माझ्या हातावर ठेवला. मी हात काढून घेतला.

मले वाटलं, मरता मरताही बुढीनं डाव साधला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी खाली चहा प्यायले गेलो अन् तू गेली. एकटीच. घरी आणल्यावर तोंडात गंगाजल टाकायची वेळ आली त ते कमलबाईच्या घरून आणावं लागलं. देवळीत बाटलीच्या जागी गोल डाग होता.

काल सगळे जेवून गेल्यावर कमलबाई अंगणात भांडे घासत होती. मी जाऊन तिच्यापुढं उभा राहिलो. मी म्हटलं, "कमलबाई, मले सांग. त्या दगडावर काय झालं?"

तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "भाऊजी, राहू द्या न."

"तू हसली होती. पाप लागीन म्हणे. मले ऐकू आलं होतं."

"तिनं मले शपथ घातली होती. बुढ्याले सांगजो नको म्हणे."

"काहून?"

"त्याईले लागीन म्हणे."

"मले लागत नाई. मले कधी काही लागलं का? सांग."

ती राखेनं भरलेल्या हातानं पदर सावरत बसली. मंग सांगितलं. खाली पाहून सांगितलं.

"ती वर दगडावर बसली. भाजलेले शेंगदाणे खाल्ले. खाली ढग होते म्हणे. अन् खाता खाता तिच्या ध्यानात आलं, का पायी निघाल्यापासून तिले तुमची याद आली नाई. एकदाबी नाई. शुभाची आली. शाळेची आली. गायीची बी आली. तुमची नाई. तिले वाटलं, आता आपल्याले रडू येईन. त हसू आलं. पोट धरून हसली म्हणे, एकटीच, डोयातून पानी येईपर्यंत. तिथले पाखरं उडाले म्हणे, एवढी हसली."

मी म्हटलं, "अन् मंग? मंग रडली?"

"नाई, भाऊजी. मंग उतरली."

ते चार दिवस. माझे अळणी चार दिवस, भिंतीवरच्या साडेचार विती. ते माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, का कमलबाईले सांगावं, का बाई, तेच चार दिवस मी इकडं… पण मी नाही सांगितलं. मले वाटलं ती हसीन. अन् हसली नसती त ते अजून वाईट.

मी म्हटलं, "भांडे उद्या घास. हात दुखतीन." आयुष्यात पहिल्यांदा मी कोण्या बाईले असं म्हटलं.

म्हणजे असं आहे, मास्तरीण. तू दाराकडं पाहून आवाज खाली करायची, ते मले जाळायले नव्हतं. मले ऐकू जाऊ नये म्हणून होतं. मी भिंतीले कान लावून माझंच मरण मागत होतो अन् तू ते पाच वर्षं पदराखाली झाकून ठेवलं. दवाखान्यात तुले दम होता. नर्सले सांगायले होता त मले सांगायलेही होता. तू खोटं बोलली. जनमात एकदा खोटं बोलली, अन् हात ठेवला, अन् मी तो हात काढून घेतला.

तू मले विसरली याचं मले नवल नाही. मी तुले याद यावी असं केलं काय होतं? मढं आणणार नाही म्हटलेला माणूस कोणाले पहाडावर आठवीन? हसू आलं ते बरं झालं. बाई चाळीस वर्षांनी हसली. माझ्या नावानं का होईना.

पण मी माफी मागत नाही. तू म्हणायची, वही तपासून झाल्यावर खोडायचं नाही. मी खोडत नाही. पारावर तुले बसवलं ते बसवलं. पाणी ओतलं ते ओतलं.

एकच सांगतो अन् पेन ठेवतो, याची शाई बी संपत आली. आता तू जिथं गेली तिथं माझ्या आधी पोचली. माझी बारी फार लांब नाही, गुडघे सांगतात. मी येईन तेव्हा निरोप पाठवणार नाही. तिथं जी काही वेस असंन तिच्या पारावर येऊन बसीन. तू मले घ्यायले येऊ नको. आली त मी तुझ्या तोंडाकडं पाहू शकणार नाही. कुठं विहिरीच्या काठावर बसून पाहजो, मोटर चालू आहे म्हणून सांगजो.

तू किती वेळ बसली होती ते मले मालूम आहे. दुपारपासून दिवे लागेपर्यंत. मी एक घडी नजर हटवली नव्हती. तेवढा वेळ मी बसीन. मंग मीच माझ्या पायावर पाणी टाकीन अन् येईन.

आल्यावर तू काहीही म्हण. त्या पहाडाचं नाव मात्र घे.